शेपूट तिची तीच वाढवेल

पत्राचा सारांश: भुसावळच्या एका वाचकाचं पत्र आहे. ते रेल्वेत पाळीने ड्यूटी करतात. मुलीच्या आठव्या वाढदिवसाला त्यांनी दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच असा काचेचा फिश टँक आणला. दुकानदाराने त्याच दिवशी पाणी भरून त्यात दोन गोल्डफिश, चार टायगर बार्ब आणि काच साफ ठेवायला म्हणून एक सकर सोडून दिला. आज बारावा दिवस. सातव्या दिवशी मुलीच्या लाडक्या गोल्डफिशची, केशरची, शेपूट फाटलेली दिसली. डाव्या कुशीवरचे खवलेही गेले होते. आदल्या संध्याकाळी मुलीने चहाच्या गाळणीने केशरला पकडायचा खेळ केला होता. वडील तिच्यावर ओरडले, ‘तुझ्यामुळे झालं’ म्हणाले. तेव्हापासून ती टँककडे फिरकलेली नाही. पाच दिवसांत वडिलांनी तीनदा सगळं पाणी उपसलं, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली घासला, विकतच्या जारचं ‘शुद्ध’ पाणी भरलं, जखमेला हळद लावली, दुकानातलं निळं औषध टाकलं. केशर आता कोपऱ्यात, पाण्याच्या वर तोंड करून असते. दुकानदार म्हणतो, ‘काही नई होत भो, नव्या टँकमध्ये पहिले दोन-चार मरतातच.’ आई म्हणते, तापीत सोडून दे, पुण्य लागेल. वाचक विचारतात: अजून कोणतं औषध द्यावं? की आमच्यासारख्यांनी मासे पाळूच नयेत?

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं. ‘शेपटीच्या खालच्या बाजूने दोन अर्धगोल तुकडे गेलेत, कातरीने कापावेत तसे.’ इतकं नीट पाहून लिहिलंत म्हणून मला इथून काही सांगता येतंय. गाळणीच्या जाळीत शेपटीचा पर (काट्यांवर ताणलेला पातळ पडदा) अडकला तर तो चिरतो. काट्यांच्या मधून उभी फाट जाते, झेंड्याचं कापड वाऱ्याने फाटावं तशी. अर्धगोल तुकडा जातो तो चावल्याने.

टायगर बार्ब दिसायला देखणा, अंगाने चपळ आणि खोड्यांना पक्का. लांब झुळझुळीत शेपटीचा, सावकाश फिरणारा मासा शेजारी असला की तो येता-जाता तिचे लचके तोडतो. सहा-आठ किंवा त्याहून मोठी टोळी असेल तर त्यांची मारामारी बरीचशी आपसांत राहते. तुमच्याकडे चारच आहेत, आणि समोर केशर.

कुशीवरचे खवले गाळणीने निघाले असतील, तेवढं मी नाकारत नाही. पण संशय सकरवरही घ्या. दिवसभर काचेला चिकटून असलेला हा मासा रात्री जागा होतो, आणि तळाशी स्वस्थ पडलेल्या गोल्डफिशच्या कुशीला चिकटून अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो. रात्रपाळी नसेल त्या दिवशी टँकचा दिवा बंद करा, पाऊण तास जाऊ द्या आणि मग मोबाईलचा टॉर्च मारून बघा. दिवसाउजेडी हे दिसायचं नाही.

मुलीचं मी शेवटी लिहिते. आधी केशर.

कोणतं औषध, असं विचारताना जखम औषधाने भरते असं तुम्ही धरून चालला आहात. माशाची शेपूट मासाच वाढवतो. शेपूट अंगाला जिथे जोडलेली असते ते मूळ शाबूत असेल तर परातले काटे आणि त्यांच्यामधला पडदा दोन्ही परत येतात, खवलेही येतात. तीन-चार आठवड्यांत फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. आपल्या हातात एवढंच असतं, की ज्या पाण्यात ती चोवीस तास श्वास घेते त्या पाण्याने तिला पोळू नये. आणि तुमच्याकडे आत्ता ते पोळतंय.

मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की त्यातूनही अमोनियाच होतो. मुरलेल्या टँकमध्ये स्पंजवर आणि खड्यांवर जिवाणू वसलेले असतात, ते अमोनियाचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी. नायट्रेट बरंच सौम्य, पाणी बदलताना निघून जातं. कोऱ्या टँकमध्ये हे जिवाणू नसतात, ते वसायला चार ते सहा आठवडे लागतात. घरच्या दह्यासारखंच आहे हे. दूध कितीही चांगलं असो, विरजणाशिवाय दही लागत नाही, आणि विरजण घातल्यावर भांडं सारखं हलवायचं नसतं. तुम्ही स्पंज तीनदा नळाखाली घासला. जो काही पातळ थर धरायला लागला होता तो प्रत्येक वेळी वाहून गेला, उरलासुरला नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने मारला. निळं औषध बहुतेक मेथिलिन ब्लू असणार. बुरशीवर ते चालतं, पण फिल्टरच्या जिवाणूंनाही मारतं, म्हणून ते वेगळ्या टबातच वापरायचं असतं.

हे तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. धुळ्याला असताना माझ्या पहिल्या टँकमधले चार मासे मी असेच गमावले. दर रविवारी सगळं लख्ख घासून काढायचे, आणि मंगळवारपर्यंत एखादा मासा तरंगायचा. घासण्याचा आणि मरण्याचा संबंध लक्षात यायला चार रविवार गेले. त्या माशांचं मला अजून वाईट वाटतं.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा त्रास दुप्पट होतो. भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर गेला की घरातल्या टँकचं पाणीही सहज ३२-३३ अंशांवर जातं. गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो, कोमट पाण्यात कमी: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३५ अंशांना जेमतेम ७. गोल्डफिश मुळात गार पाण्यातला मासा, त्याला १८ ते २४ अंश मानवतात. शिवाय पाणी जितकं गरम आणि जितकं अल्कधर्मी, तितका अमोनियाचा विषारी भाग वाढतो. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, ७ वरून ८ वर गेला तर जवळजवळ दहा पट. आपल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, बादलीवर पांढरे डाग पडतात ते त्याचेच. जड पाणी गोल्डफिशला खुशाल चालतं. अमोनिया साचू दिला तर मात्र अशा पाण्यात तो जास्त जाचतो. केशर वर तोंड करून असते ती याच दोन कारणांनी, प्राणवायू कमी आणि कल्ले चुरचुरलेले.

आणि जारचं पाणी. माणसाला जे शुद्ध ते माशालाही चांगलं, असं वाटणं साहजिक आहे. पण ते आरओचं, बहुतेक क्षार काढून टाकलेलं आणि वर मशीनमध्ये गार केलेलं पाणी. ३२ अंशांतून एकदम त्यात पडल्यावर मासा हबकतो. ते बंद करा.

आता काय करायचं. बरेच जण सांगतील की जखमी माशाला वेगळ्या टबात काढा. त्यात अर्थ आहे: टबात तिला कोणी चावत नाही, मीठ-औषध मोजून देता येतं, लक्ष ठेवता येतं. पण टबातही विरजण नाही. रोज निम्मं पाणी बदलावं लागेल, आणि आधीच दमलेल्या माशाला पुन्हा जाळीत धरावं लागेल. तुमच्या बाबतीत मी उलटं सांगेन. केशरला तिथेच राहू द्या, बार्ब आणि सकर हलवा. उद्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर पाचही मासे दुकानात परत द्या, पैसे मिळोत न मिळोत. बार्ब मोठ्या पिशवीत, सकर वेगळ्या पिशवीत, पाणी एक तृतीयांश आणि वर हवा. चावणारे गेले, संशयित गेला, आणि टँकमधला अमोनियाही बराच कमी झाला. सकर पुढे फूटभर वाढतो, तो तुमच्या टँकमध्ये तसाही मावणार नव्हता.

तुमच्या मापांचा टँक काठोकाठ ७० लिटरचा, खडे आणि वरची मोकळी जागा सोडून ६० धरा. रोज १५ लिटर पाणी बदलायचं, सायफनची नळी खड्यांवरून फिरवत तळातली घाण आधी ओढायची. सगळं पाणी एकदम कधीच काढायचं नाही. भरायचं पाणी आदल्या दिवशी उघड्या बादल्यांत भरून घरात सावलीत ठेवा. त्याने क्लोरिन बरंचसं उडतं, आणि महत्त्वाचं म्हणजे पाणी खोलीच्या तापमानाला येतं. नळाला पाणी आलं त्याच दिवशीचं वापरायचं असेल तर अँटी-क्लोरिनचे थेंब टाका. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी थेट घालू नका, उन्हाळ्यात त्याने हात भाजतो. बादलीत आणि टँकमध्ये हात बुडवून बघण्यापेक्षा साधा थर्मामीटर घ्या. दोन्हींत एक-दोन अंशांहून जास्त फरक नको.

स्पंजवर हिरवट-तपकिरी चिकट थर येईल, तो राहू द्या. पाणी जाईनासं झालं तरच, टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा हलका पिळा. ओळखीत कोणाचा वर्षभर चालू असलेला, निरोगी माशांचा टँक असेल तर त्यांच्या स्पंजचा तुकडा मागून आणा, ओलाच, आणि आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. हे खरं विरजण. चार-सहा आठवड्यांचं काम पुष्कळ लवकर होतं.

गारव्यासाठी बर्फ टाकू नका. माठाचं पाणी जसं बाष्प उडाल्याने गार होतं तसंच इथे करायचं: झाकण काढून वर जाळी बसवा आणि छोटा टेबल फॅन पाण्याच्या पृष्ठभागावरून वारं जाईल असा ठेवा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत पाणी दोन-चार अंशांनी उतरतं. एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा. वीज गेली तर मग्याने पाणी उचलून वीतभर उंचीवरून पुन्हा टँकमध्ये ओतत राहा, दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडा वेळ. तुम्ही ड्यूटीवर असाल तेव्हा हे घरात कोणीतरी करायला हवं, म्हणून सगळ्यांना दाखवून ठेवा. बॅटरीवरचा छोटा पंप मिळाला तर उत्तमच.

मीठ द्या, पण मोजून. माशाच्या अंगातलं पाणी टँकमधल्या पाण्यापेक्षा खारट असतं, म्हणून जखमेतून बाहेरचं पाणी सारखं आत झिरपतं आणि ते बाहेर टाकण्यात त्याची ताकद जाते. थोडं मीठ तो भार हलका करतं, आणि नायट्राइटचं विषही त्यामुळे कमी बाधतं. लिटरमागे १ ग्रॅम पुरे, म्हणजे तुम्हाला ६० ग्रॅम खडे मीठ. मग्यात पूर्ण विरघळवून, दिवसभरात तीन वेळा वीस-वीस ग्रॅमचं पाणी सोडा. मीठ उडून जात नाही, म्हणून नंतर १५ लिटर बदललं की १५ ग्रॅमच घालायचं. टँकमध्ये खऱ्या वनस्पती असत्या तर मी हे सांगितलं नसतं. हळद बंद. ती चांगली नाही असं नाही, पण लावायला मासा हातात धरावा लागतो आणि अंगावरचा तो बुळबुळीत थर, जो त्याची खरी मलमपट्टी आहे, आपल्या बोटांना लागून निघतो. औषधाच्या दुकानातली माणसांची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकण्याचा सल्लाही कोणीतरी देईल. तो ऐकू नका.

खाणं दोन दिवस अजिबात नको. गोल्डफिश एवढ्याने उपाशी मरत नाही. मग दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. अधूनमधून साल काढलेला उकडलेला मटार कुस्करून दिलात तर आवडीने खाते. उरलेला दाणा लगेच काढायचा.

टँकमध्ये प्लॅस्टिकची झाडं, किल्ला अशा शोभेच्या वस्तू असतील तर त्या बाहेर काढा, त्यांच्यावरून जुनी नायलॉनची ओढणी फिरवा. धागा अडकला तर ती वस्तू पुन्हा आत जाऊ देऊ नका.

अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं थेंबांचं किट मिळतं, जळगावला चक्कर होईल तेव्हा आणा. दोन्ही शून्य यायला हवेत. लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर त्या दिवशी निम्मं पाणी बदला. खरं तर माशांच्याही आधी हे किट घ्यायचं असतं, पण दुकानात ते कोणी पुढे करत नाही.

आठ-दहा दिवसांनी शेपटीच्या कातरलेल्या कडेला एक नितळ पट्टी दिसेल, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. ती नवी शेपूट. बरेच जण तिलाच बुरशी समजून औषध ओततात. बुरशी वेगळी दिसते, उमललेल्या बोंडातून कापूस डोकवावा तशी, फुगीर आणि तंतूंची. जखमेच्या आसपास काळपट डागही येतील. गोल्डफिशला जखम भरताना ते येतात, मग जातात. काळजी करायची ती कापूस दिसला, कड रोज मागे सरकत मुळाकडे चालली, किंवा कड लाल झाली तर. तेव्हा मात्र वेगळा टब: वीस लिटरचा, एअर पंप लावलेला, वर जाळी. रोज निम्मं पाणी बदलणं, मीठ दोन दिवसांत हळूहळू वाढवत लिटरमागे ३ ग्रॅमपर्यंत, आणि निळं औषध बाटलीवर लिहिल्याप्रमाणे.

हे सगळं करूनही ती जाईल अशी शक्यता आहे. पाच दिवस तिने बरंच सोसलंय. पण पोहते आहे, सरळ आहे, तुम्ही लिहिलंय की काल दाणा टाकल्यावर वळली. वळणारा मासा मी सोडून देत नाही.

‘पहिले दोन-चार मरतातच’ हे वाक्य मला फार लागतं. ते मरतात, कारण कोऱ्या टँकमध्ये त्याच दिवशी सात मासे विकले जातात. आधी पाणी भरून, फिल्टर चालू ठेवून, जिवाणूंना खाणं म्हणून रोज चिमूटभर माशांचा दाणा टाकत महिना-दीड महिना थांबलं, मग एक-दोन मासे आणले, तर एकही मरायची गरज नसते. नवीन टँक घ्यायच्या विचारात असलेल्या वाचकांनी एवढं एक तरी पाळावं.

आईंचा भाव चांगला आहे, त्यांना दुखवू नका. पण त्यांना सांगा की केशर तापीतली नाही. शेपूट तुटलेला केशरी मासा नदीत दुरूनही दिसतो आणि पहिल्याच पक्ष्याला सापडतो. आणि जगलाच तर आपल्याकडचे रोग नदीतल्या माशांना देतो. तुमचा तो सकर तर अजिबातच नाही. असे सोडून दिलेले सकर देशात कितीतरी तलावांत आणि धरणांत पसरलेत आणि जाळ्यात तेच येतात म्हणून मच्छीमार हैराण आहेत.

तुमच्यासारख्यांनी पाळावेत का? पाळावेत. दोन गोल्डफिश, आणखी एकही नाही, आणि ते वाढले की मोठा टँक. नीट राहिले तर गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं जगतो, मुलगी कॉलेजात जाईपर्यंत. तेवढी तयारी नसेल तर चारेक महिन्यांनी मोठा टँक असलेल्या कोणाला तरी ते द्या, त्यात कमीपणा काही नाही.

आणि मुलगी. आज ड्यूटीवर जाण्याआधी तिला टँकपाशी घेऊन जा. बार्ब अजून तिथे असतील, तर दहा मिनिटं दोघं गप्प बसून बघा. ते केशरच्या मागे लागलेले तिलाच दिसतील. मग तिला साध्या शब्दांत सांगा, ‘बाळा, तुझ्यामुळे नाही झालं. मला नीट माहीत नव्हतं आणि मी तुझ्यावर ओरडलो.’ गाळणी पुन्हा आत घालायची नाही हेही सांगा, पण ते नंतर, वेगळं. या दोन गोष्टी एका दमात बोललात तर तिला दुसरीच ऐकू येईल. तिला काम द्या: बुडबुडे येतायत का ते सकाळी शाळेत जाण्याआधी बघणं, आणि दर रविवारी केशरची शेपूट वहीत काढणं. पहिल्या पानावर आजची, कातरलेली आहे तशीच.